गुडघ्याला बाशिंग नको, धीर बांधा

'उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग' ही म्हण आपण लग्नघरी थट्टेने वापरतो. अलीकडे मात्र ती मला दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसांच्या खाटेपाशी वारंवार आठवते. गुडघ्याचा सांधा बदलून आणलेला असतो, टाके निघालेले असतात आणि घरातला प्रत्येकजण एकच विचारत असतो, "आता पूर्ण बरं कधी वाटणार?" पेशंट विचारतो, मुले विचारतात, भेटीला आलेले पाहुणेही चहाची कपबशी हातात घेऊन तेच विचारतात. या प्रश्नाचे खरे उत्तर 'साधारण वर्षभराने' असे आहे. पण हे उत्तर ऐकायची कुणाचीच तयारी नसते, आणि पुढचा सारा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

वाचकहो, हा लेख त्या एका वर्षाविषयी आहे. मी डॉक्टर नव्हे. शेतकीचा पदवीधर, पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव फिरणारा माणूस. पण माझ्या घरी थोरल्या वहिनींच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ते वर्ष जवळून पाहायला मिळाले. डॉक्टरांना आणि व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टना शेतकऱ्याच्या चिकाटीने प्रश्न विचारता आले. त्यातून जे उमगले ते इथे मांडतो.

आमच्या कबनूरला एका बाजूला उसाचे मळे आणि दुसऱ्या बाजूला इचलकरंजीचे यंत्रमाग. गुडघे झिजायला दोन्ही कामे सारखीच. बायका उकिडव्या बसून भांगलण करतात, धारा काढतात, चुलीपुढे बसतात. मागावरचा कामगार पाळीभर उभा असतो. पन्नाशी-साठीला आले की 'वाट्या झिजल्या' हे दुखणे घरोघरी. प्रत्येक झिजलेल्या गुडघ्याला शस्त्रक्रिया लागते असे मुळीच नाही. वजन उतरवणे, मांडीचे व्यायाम, काठी आणि औषधे यांवर कितीतरी जणांचे भागते. पण रात्रीची झोप गेली, घरातल्या घरात चालणे अवघड झाले, पाय वाकडा पडू लागला, की डॉक्टर सांधा बदलायचा सल्ला देतात.

'वाट्या बदलणे' म्हणजे काय?

आपल्याकडे या शस्त्रक्रियेला 'वाट्या बदलणे' म्हणतात. या नावामुळे गैरसमज होतो. जणू जुने चाक काढून नवे बसवले, नट आवळला आणि गाडी चालू! प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांचा झिजलेला भाग मापात तासून काढतात. वरच्या टोकावर धातूचे टोपण बसवतात, खालच्या टोकावर धातूची बैठक बसवतात आणि दोहोंच्या मध्ये टणक, गुळगुळीत प्लॅस्टिकची गादी ठेवतात. समोरची हलती वाटी काही वेळा आतून बदलतात, काही वेळा तशीच ठेवतात. साधारण तास-दीड तासाचे काम.

आता इथली मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. धातू आणि प्लॅस्टिक पहिल्याच दिवशी तयार असते. म्हणूनच तर डॉक्टर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन पेशंटला उभे करतात. पण त्या धातूभोवतीचे सगळे जुनेच असते. कातडी तीच, शिरा त्याच, सांध्याभोवतीचे बंध तेच, मांडीचा स्नायूही तोच. हे सगळे कापले, ताणले, बाजूला सारले गेलेले असते. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक वर्षे दुखण्यामुळे तो पाय कमी वापरला गेलेला असतो. मांडीचा पुढचा स्नायू आधीच वाळलेला असतो आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात त्याची उरलीसुरली ताकदही निम्म्याच्या खाली येते. धातू पैसे देऊन मिळतो, स्नायू मिळत नाही. तो रोज थोडा थोडा तयार करावा लागतो, आणि त्याला त्याचा काळ द्यावाच लागतो.

पंतप्रधानांनाही वेळ लागला

ही शस्त्रक्रिया तशी फार जुनी नाही. न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी' या रुग्णालयात १९७४ च्या सुमारास डॉ. जॉन इन्सॉल, डॉ. चित्तरंजन राणावत आणि अभियंते पीटर वॉकर या मंडळींनी जो सांधा तयार केला, त्याच्याच धर्तीवर पुढचे बहुतेक सांधे बनत गेले. त्यांतले डॉ. राणावत हे भारतातच, इंदूरला वैद्यक शिकलेले.

आपल्या देशात खेडोपाडी या शस्त्रक्रियेचे नाव पोचले ते अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ते पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. करणारे सर्जन हेच डॉ. राणावत. वाजपेयी तेव्हा ७५ वर्षांचे होते. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली जून २००१ मध्ये. दोन्हींमध्ये आठ महिन्यांचे अंतर! दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम पाच-सहा आठवड्यांनी, जुलै २००१ मध्ये, आग्र्याला पाकिस्तानच्या अध्यक्षांशी त्यांची शिखर बैठक झाली. वाजपेयींची सावकाश, जपून टाकलेली पावले साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली.

यातून आपण काय घ्यायचे? ज्यांच्या दिमतीला देशातले उत्तम डॉक्टर होते, त्यांनाही मांसाचा आणि स्नायूंचा काळ कमी करून मिळाला नाही. पण त्या काळात ते हात जोडून बसूनही राहिले नाहीत. झेपेल तेवढे काम चालू आणि पाऊल मात्र जपून, असा तो क्रम होता. काही पेशंटचे दोन्ही गुडघे एकदम करतात, काहींचे अंतराने करतात. वय, हृदय, साखर, रक्तदाब हे सगळे पाहून ते डॉक्टरांनी ठरवायचे. शेजारच्याचे दोन्ही एकदम झाले म्हणून आपणही तसेच करा, असा हट्ट धरू नये.

वर्षाचे वेळापत्रक

पिकाचे जसे अवस्थेप्रमाणे नियोजन असते, तसे या वर्षाचेही आहे. प्रत्येकाचे थोडे पुढे-मागे होते. पण साधारण अंदाज असावा, म्हणजे जीव घाबरत नाही.

पहिले दोन आठवडे : सूज, काळे-निळे डाग, रात्रीच्या वेदना. हे अपेक्षित असते. वॉकर धरून घरातल्या घरात थोडे थोडे चालायचे. बारा-चौदा दिवसांनी टाके निघतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नये. तसे केले तर गुडघा अर्धवट वाकलेलाच राहायची सवय लागते आणि पुढे चाल लंगडी होते. उशी ठेवायचीच तर ती टाचेखाली.

दोन ते सहा आठवडे : वॉकरवरून काठीवर यायचे. गुडघा नव्वद अंशांपर्यंत, म्हणजे खुर्चीवर बसून पाय काटकोनात यावा इतका वाकवण्याचे उद्दिष्ट. सपाट जमिनीवर चालायला ६५ ते ७० अंश पुरतात, जिन्याला ९० च्या आसपास लागतात आणि बुटक्या आसनावरून उठायला त्याहून थोडे अधिक.

सहा आठवडे ते तीन महिने : काठी हळूहळू सुटते. घरातली बहुतेक कामे जमतात. पण दिवसभर वावरले की संध्याकाळी सूज येते आणि गुडघा हाताला गरम लागतो.

तीन ते सहा महिने : दुखणे बरेच कमी होते. तरी हा ऊबदारपणा आणि थोडी सूज राहू शकते. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर वाटते, चालताना आत 'टक्' असा आवाज येतो. बहुतेकांच्या बाबतीत हे घाबरण्यासारखे नसते.

सहा महिने ते वर्ष : आता सुधारणा दिसत नाही, कळते. एखाद्या दिवशी आपण बांधापर्यंत जाऊन आलो आणि गुडघ्याची आठवणच झाली नाही, असे ध्यानात येते. मांडीची ताकद वर्षभर, कधी त्याच्या पुढेही वाढत राहते.

कठीण काळ मधलाच

वहिनींची शस्त्रक्रिया मिरजेला झाली. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसाला मोठे दुखणे झाले की मिरजेची वाट ठाऊक. शस्त्रक्रिया नीट झाली. दुसऱ्या दिवशी वहिनी उभ्या राहिल्या, पाचव्या दिवशी घरी आल्या. पहिले पंधरा दिवस घरात उत्साह होता. माणसांची ये-जा होती. पुतण्या रोज रजा काढून हजर, सूनबाई वेळेवर गोळ्या देत होत्या, शेजारणी डबे आणत होत्या.

तिसऱ्या आठवड्यानंतर पाहुणे थांबले. पुतण्या मागावर जाऊ लागला. उसाला पाणी द्यायची पाळी आली. आणि नेमके तेव्हाच वहिनींचे मन खचले. रात्री दोन-दोन वेळा उठून बसायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "भावजी, ह्यो पाय माझा न्हाईच बघा. कुणाचा तरी लाकडाचा पाय आणून लावल्यागत वाटतंय. पैसं घालून दुखणं इकत घेतलं मी." गुडघा वाकवताना ओरडायची वेळ यायची, म्हणून त्यांनी व्यायामच सोडले. घरच्यांनाही त्यांचे हाल बघवेनात. "राहू द्या, दुखतंय तर नका करू," असे सगळेच म्हणू लागले. ती माया होती, पण पायाला ती मारक ठरत होती.

पाचव्या आठवड्यात तपासणीला नेले तेव्हा गुडघा सत्तर अंशांवर अडकलेला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आत जाळे धरू लागले आहे. आणखी काही आठवडे असेच गेले, तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल. अजून वेळ गेलेली नाही. पण आता रोजचे काम रोज झाले पाहिजे."

वाचकहो, हा प्रसंग अनेक घरांत येतो. तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा हा काळ सर्वांत अवघड. शस्त्रक्रियेची धामधूम सरलेली असते, फळ अजून दिसत नसते आणि दुखणे तर आहेच. रात्रीची झोप मोडली की माणूस चिडचिडा आणि उदास होतो. हे पेशंटच्या मनाचे दुबळेपण नव्हे. झोप नसणे, अंगात रक्त कमी असणे आणि दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागणे यांचा तो परिणाम. अशा वेळी दुखणे सहन करत बसण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी त्यांनी दिलेली वेदनेची गोळी घेतली, तर पाय जास्त वाकतो. व्यायामानंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवला तर सूज उतरते. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये.

दुधाच्या हिशेबासारखी नोंद

वहिनींना वाटेवर आणले ते दोन साध्या गोष्टींनी. आम्ही शेतीखात्यातली माणसे शेतकऱ्याला सांगत असतो, की नोंद ठेवल्याशिवाय पीक कळत नाही. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिलेला असतो, सकाळी किती लिटर आणि संध्याकाळी किती. त्याच चौकटीत वहिनींनी पायाचा हिशेब लिहायला सुरुवात केली. सकाळी व्यायाम किती वेळा, संध्याकाळी किती वेळा, आणि उंबऱ्यापासून गोठ्याकडे किती पावले. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण दुधाचा हिशेब चाळीस वर्षे चोख ठेवलेल्या बाई त्या.

दुसरी गोष्ट सोप्यातल्या शहाबादी फरशीवरची. खुर्चीवर टेकून बसायचे, तळपाय जमिनीवर ठेवून जमेल तितका मागे सरकवायचा आणि अंगठ्याच्या टोकाशी खडूची रेघ ओढायची. रोज नव्हे, आठवड्यातून एकदा, रविवारी. पहिल्या दोन रेघा जवळजवळ एकमेकींवरच पडल्या. वहिनी हिरमुसल्या. तिसरी बोटभर मागे आली. सहा रेघा झाल्या तेव्हा पहिल्या आणि सहावीच्या मध्ये तळहात मावत होता. फिजिओथेरपिस्टनी मोजले, पंचाण्णव अंश. भूल देण्याची गरज उरली नाही. वर्ष संपताना गुडघा एकशेपंधरा अंशांपर्यंत वाकत होता.

रोज मोजले तर निराशा येते आणि कधीच मोजले नाही तर आळस येतो. उसाचा कोंब रोज बघून वाढलेला दिसत नाही, आठवड्याने दिसतो. शरीराचेही तसेच. धीर धरायचा म्हणजे आजच्या व्यायामाचे फळ आजच मागायचे नाही. पण आजचा व्यायाम चुकवायचाही नाही. या दोन्ही गोष्टी एकदम करणे म्हणजेच धीर. नुसते वाट बघत पडून राहणे म्हणजे धीर नव्हे. आणि एका दिवसात गाव फिरून येऊन दुसरे चार दिवस सुजलेला पाय घेऊन निजणे, यात तर हिंमतही नाही आणि शहाणपणही नाही.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, तुलना नको. "अमक्याची आई महिन्यात देवळात चालत गेली" हे वाक्य पेशंटपुढे बोलूच नये. तिचे वय वेगळे, वजन वेगळे, आजार किती मुरलेला हेही वेगळे. एकाच बांधावरच्या दोन शेतांत सारखे उत्पन्न येत नाही, मग दोन माणसांचे गुडघे सारखे कसे चालतील?

दुसरी गोष्ट, घर तयार करावे. हे शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवावे. खाट गुडघ्याच्या उंचीची हवी, जमिनीवरचे अंथरूण नको. उंच बैठकीचा संडास नसेल तर कमोडची खुर्ची मिळते, ती आणावी. न्हाणीत पाय घसरू नये म्हणून खरबरीत पट्टी आणि धरायला गज बसवावा. वाटेतली पोती, पायपुसणी, शेळीचे दावे, मुलांची खेळणी हलवावीत. वीज जाते, म्हणून उशाशी बॅटरी असावी. ओल्या सारवणावरून चालू देऊ नये.

तिसरी गोष्ट, जिन्याचा नियम घरातल्या सर्वांना पाठ असावा. चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय खाली.

चौथी गोष्ट, मालीशवाला किंवा हाडवैद्य आणू नये. जखमेवर तेल, लेप, गरम विटेचा शेक यांतले काहीही डॉक्टरांना न विचारता करू नये. गुडघा दुसऱ्याने जोर लावून मोडल्यासारखा वाकवणे तर धोक्याचेच. वाकवायचे ते पेशंटने स्वतः, फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे.

पाचवी गोष्ट बायकांच्या बाबतीत विशेष सांगायची. पुरुषाचा गुडघा झाला की त्याला तीन महिने कुणी काम सांगत नाही. घरातल्या बाईचा झाला की ती सहाव्या आठवड्यात चुलीपुढे दिसते. कुणी सांगितलेले नसते, पण कुणी अडवलेलेही नसते. भाकरी थापायला ओटा किंवा टेबल हवे, धार काढायला दुसरे कुणीतरी हवे, हे कारभाऱ्यांनी ठरवून द्यावे. विश्रांती मागून घ्यायची आपल्या बायकांना सवय नाही. ती त्यांना न मागता मिळाली पाहिजे.

जिथे धीर धरायचा नाही

आता उलटी बाजू. काही गोष्टींत 'बघू, उतरेल' म्हणणे जिवावर बेतू शकते. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, दाबल्यावर कळ येऊ लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. अचानक दम लागला, छातीत दुखले, तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठावा. त्यासाठीच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिलेल्या असतात, त्या मधेच सोडू नयेत. जखमेतून पाणी किंवा पू येणे, लाली पसरत जाणे, थंडी-ताप, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे ही जंतूंची लागण झाल्याची लक्षणे असू शकतात. पडल्यावर पाय टेकवता आला नाही, तरी लगेच दाखवावे.

साखरेचा आजार असेल तर ती ताब्यात ठेवणे हे निम्मे औषध आहे. आणि आपल्या शेतकऱ्यांसाठी एक खास सूचना. बदललेल्या सांध्याला जंतूंची भीती पुढेही कायम असते. पायाच्या भेगा चिघळल्या, काटा रुतून पू झाला, दाढ किडून सुजली, तर ते जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोचू शकतात. म्हणून अशी दुखणी अंगावर काढू नयेत आणि दाताच्या डॉक्टरांना सांधा बदललेला असल्याचे आवर्जून सांगावे. गोठ्यात अनवाणी जाणे कायमचे सोडावे.

खर्च आणि अपेक्षा

एकेकाळी नुसत्या सांध्याचीच छापील किंमत सरासरी दीड लाखाच्या वर जात असे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या सांध्याला कर वगळून ५४ हजार ७२० रुपयांची मर्यादा घातली. पुढे या आकड्यात थोडाफार बदल होत गेला. रुग्णालय, सर्जन, औषधे यांचा खर्च निराळा. म्हणून आधी पूर्ण अंदाज लेखी घ्यावा, बिलात सांध्याची किंमत वेगळी मागावी आणि सरकारी आरोग्य योजनेत काय बसते हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावे. हिशेब करताना दोन-तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीचा आणि जाण्या-येण्याचा खर्चही धरावा. पुष्कळ घरी शस्त्रक्रियेला कर्ज काढतात आणि व्यायामाला पैसे नाहीत म्हणून थांबतात. हे म्हणजे बियाणे महागाचे घेऊन पाण्याची पाळी चुकवण्यासारखे आहे.

अपेक्षाही मापात असाव्यात. बदललेला सांधा दहांतल्या आठ जणांचा वीस-पंचवीस वर्षे टिकतो, असे दीर्घ काळच्या नोंदी सांगतात. तसेच दर पाचांतला एखादा पेशंट निकालावर पूर्ण समाधानी नसतो, हेही खरे आहे. नवा गुडघा म्हणजे विशीतला गुडघा नव्हे. मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसणे, डोक्यावर जळणाचा भारा घेणे बहुतेकांना वर्ज्य सांगतात. रोज चालणे, घरकाम, बाजारहाट, देवदर्शन, शेतावरची देखरेख हे सगळे करता येते. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर मात्र सर्जनांना विचारूनच.

आमच्या वहिनी आता भांगलणीला जात नाहीत. बांधावर स्टूल टाकून बसतात आणि बायकांना रांगा दाखवतात. पंगतीला मांडी घालता येत नाही याची त्यांना पहिले काही महिने लाज वाटायची. आता स्वतःच खुर्ची ओढून घेतात. रात्री मात्र सलग झोपतात. शस्त्रक्रियेपूर्वी सात-आठ वर्षे त्यांना अशी झोप नव्हती.

शेतकऱ्याला धीर शिकवायला जाणे तसे धाडसाचेच. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावून सोळा-अठरा महिने सांभाळणारा माणूस तो. लागणीनंतर महिना-दीड महिना रानात काय दिसते? विरळ कोंब. म्हणून कुणी ऊस उपटून टाकत नाही, की पाणी देणे थांबवत नाही. खुरपणी, खताचा हप्ता, बांधणी ज्या त्या वेळी करतो आणि तोडीची वाट बघतो. हीच रीत आपल्याच शरीराला लावायची आहे. ज्या घरी येत्या सुगीनंतर शस्त्रक्रियेचा बेत असेल, त्यांनी आजपासूनच मांडीचे व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करावेत. शस्त्रक्रियेपूर्वी कमावलेली ताकद नंतर उपयोगी पडते. ज्यांची झाली असेल आणि अजून दुखत असेल, त्यांनी कॅलेंडरवरचा आजचा चौकोन तेवढा भरावा. उद्याचा उद्या.